‘साहेबाच्या ओट्यां’चा खरा इतिहास फलकावर यावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विजयदुर्ग पाहायला आलेल्या पर्यटकांना तटबंदी आणि बुरूज दाखवून झाले की ‘साहेबाचे ओटे’ दाखवले जातात आणि त्यासोबत एक गोष्ट हमखास ऐकवली जाते. नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात याच ओट्यांवरून सूर्य न्याहाळला आणि हेलियमचा शोध लावला, अशी ती गोष्ट. ती ऐकून शाळकरी मुले ओट्यांवर उभी राहून छायाचित्रे काढतात. पण लॉकियर त्या दिवशी विजयदुर्गावर नव्हते, ते भारतातच नव्हते.

त्या ग्रहणासाठी फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर जानसेन गुंटूरला आले होते आणि लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी जमखिंडीहून वेध घेतले होते. सूर्याच्या कडेवरील ज्वाळांच्या वर्णपटातील, म्हणजे प्रकाश वेगवेगळ्या रंगांत विभागल्यावर दिसणाऱ्या पट्ट्यातील, तेजस्वी रेषा या मंडळींनी पाहिल्या. लॉकियर यांचे काम इंग्लंडमध्ये स्वतंत्रपणे चालू होते. वर्णपटदर्शकाची फट सूर्यबिंबाच्या कडेवर अचूक धरली, तर ग्रहण नसतानाही त्या ज्वाळांचा वर्णपट मिळवता येतो, हे त्यांनी ऑक्टोबर १८६८ मध्ये दाखवून दिले. जानसेन यांनीही ग्रहणाच्या दुसऱ्याच दिवशी गुंटूरला हेच साधले होते, आणि दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी पोहोचली. वर्णपटातली पिवळी रेषा सोडियमच्या रेषांच्या अगदी शेजारी दिसते, पण त्यांच्याशी जुळत नाही; ती एखाद्या अपरिचित मूलद्रव्याची असावी, हा तर्क पुढचा. ते मूलद्रव्य, म्हणजेच हेलियम, पृथ्वीवर सापडायला १८९५ साल उजाडावे लागले. विल्यम रॅम्झी यांनी ते युरेनियमच्या एका खनिजातून मिळवले.

मग लॉकियर यांचा विजयदुर्गाशी काही संबंधच नाही का? आहे, आणि तो चांगला भक्कम आहे. २२ जानेवारी १८९८ रोजी झालेल्या खग्रास ग्रहणासाठी ते स्वतः विजयदुर्गला आले होते. ‘मेल्पोमीन’ या ब्रिटिश युद्धनौकेवरील नौसैनिक त्यांच्या मदतीला होते आणि वर्णपटाची छायाचित्रे घेणारे कॅमेरे येथे मांडण्यात आले होते. या निरीक्षणांचा वृत्तांत रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केलेला आहे. म्हणजे खरी आणि कागदोपत्री सिद्ध होणारी घटना हाताशी असताना आपण तीस वर्षे आधीची दंतकथा कवटाळून बसलो आहोत.

२०२५ मध्ये ‘मराठा लष्करी स्थापत्य’ म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या बारा किल्ल्यांत विजयदुर्ग आहे. येथे आता देशोदेशीचे अभ्यासक येतील आणि त्यांच्यापैकी खगोलशास्त्राचा साधा जाणकारसुद्धा ही गोष्ट ऐकून हसेल. कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे वैभव आणि १७५६ मध्ये इंग्रजांशी झालेला संग्राम यांचा अस्सल इतिहास ज्या गडाला लाभला आहे, त्याला उसन्या मोठेपणाची गरज नाही.

तेव्हा पुरातत्त्व खात्याने ओट्यांजवळ मराठी, हिंदी आणि इंग्रजीतून सविस्तर फलक लावावा. त्यावर १८६८ आणि १८९८ ही दोन्ही ग्रहणे वेगळी दाखवावीत, वर्णपटाची आकृती द्यावी आणि ओट्यांचे बांधकाम नेमके कधीचे हे कागदपत्रे तपासून लिहावे. स्थानिक वाटाड्यांना ही माहिती छापील स्वरूपात द्यावी. १८ ऑगस्टला गडावर हेलियम दिन साजरा होतो तो जरूर व्हावा, पण २२ जानेवारीलाही तेथील शाळांच्या मुलांना ओट्यांवर बोलावून वर्णपटदर्शकातून ती पिवळी रेषा प्रत्यक्ष दाखवता येईल. वीज सोडली की चमकणारी हेलियमची नळी, तिचा वीजपुरवठा आणि साधा वर्णपटदर्शक एवढ्यावर हे भागते.

आपला,
एक दुर्गप्रेमी वाचक