हेल्मेटमध्ये आधी प्रवाह, मग दाब

संपादक महोदय,

श्वासाला आधार म्हणून डोक्यावर चढवल्या जाणाऱ्या पारदर्शक हेल्मेटची चर्चा बहुधा दाबापुरतीच होते: पीप झडप (श्वास सोडल्यावरही आत दाब टिकवणारी बाहेरच्या वाटेवरची झडप) ८ सेंटीमीटर पाण्याच्या दाबावर ठेवायची की १० वर? ऑक्सिजनची चणचण भासली की कात्री मात्र पहिल्यांदा प्रवाहाला, म्हणजे मिनिटाला आत सोडल्या जाणाऱ्या ताज्या वायूला, लागते. ही काटकसर चुकीच्या जागी आहे.

रुग्ण मिनिटाला सुमारे २०० मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. मिनिटाला ४० लिटर ताजा वायू आत येत असेल, तर हेल्मेटमध्ये त्याचे प्रमाण अर्धा टक्का राहते. २० लिटरवर ते दुप्पट होते. तापात उत्सर्जन ३०० पर्यंत गेले तर दीड टक्का, म्हणजे जवळपास ११ मिलिमीटर पारा. लहान हेल्मेट घेऊनही हे टळत नाही, कारण आकाराने फक्त ती पातळी गाठायचा वेळ बदलतो. बोटावरचा ऑक्सिमीटर फक्त ऑक्सिजन पाहतो, तो तर निवांत ९५ दाखवत राहतो! म्हणून सुरुवात ६० लिटरने करावी आणि ४० च्या खाली उतरू नये. व्हेंटिलेटरच्या साध्या सीपॅप (सतत एकसारखा दाब देणाऱ्या) मोडवर हेल्मेट जोडणेही याच कारणाने वाईट; रुग्ण ओढतो तेवढाच वायू तिथे आत येतो.

ऑक्सिजन वाचवायचाच असेल तर मिश्रण बदलावे. ३० लिटर ऑक्सिजन आणि ३० लिटर हवा वाय-जोडाने एकत्र केली की सुमारे ६० टक्के मिळतात; २० आणि ४० केल्यास ४७. एकूण प्रवाह तोच राहतो आणि दिवसाला १४,४०० लिटर ऑक्सिजन वाचतो, म्हणजे ७,००० लिटरचे दोन सिलिंडर. भिंतीवरचे नेहमीचे १५ लिटरचे फ्लोमीटर इथे अपुरे पडतात. व्हेंचुरी (ऑक्सिजनच्या झोताने बाहेरची हवा ओढून मिसळणारे साधन) वापरत असाल तर पीप वाढवल्यावर प्रवाह पुन्हा मोजा. उलट दाबामुळे ती बाहेरची हवा कमी ओढते. प्रवाह घटतो, पण ऑक्सिजनची टक्केवारी वाढते, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही.

प्रवाह पुरतो का, हे खाटेजवळच कळते. श्वास आत घेतानाही पीप झडपेतून वायू बाहेर पडत राहिला पाहिजे आणि दाबमापकाचा काटा २ सेंटीमीटरहून अधिक खाली जाता कामा नये. गेला तर आधी मानेच्या कॉलरची गळती शोधा. काटा उलट वर चढत असेल, तर बाहेरच्या वाटेवरचा फिल्टर ओलावून तुंबला असण्याची शक्यता मोठी.

आवाजाची तक्रार रास्तच आहे, आत तो १०० डेसिबलपर्यंत जाऊ शकतो. त्यावर आत येणाऱ्या नळीवर फिल्टर आणि रुग्णाच्या कानात बोळे. प्रवाहाच्या खुंटीला हात लावू नये. वायूपुरवठाच थांबला तर हेल्मेटची कोणती खिडकी उघडायची, हे पाळीवरच्या प्रत्येकाला आधीच दाखवून ठेवावे.

— अतिदक्षता विभागातील डॉक्टर व तंत्रज्ञ