राइफायझेनची तसबीर सोसायटीत लावा

महोदय,

आमच्या गावच्या विकास सोसायटीच्या कार्यालयात भिंतीवर सहा तसबिरी आहेत. पण ज्याच्या कल्पनेवर पीककर्जाचा हा डोलारा उभा आहे, तो फ्रीडरिश विल्हेल्म राइफायझेन त्यांत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

३० मार्च १८१८ रोजी जन्मलेला हा माणूस जर्मनीतल्या वायरबुशचा महापौर होता. आपल्या भाषेत दहा-वीस खेड्यांचा कारभारी. १८४६-४७च्या हिवाळ्यात दुष्काळ पडला. त्याने सधन लोकांकडून पैसा उभा केला, गावची सामाईक भट्टी बांधली आणि गरिबांना पाव उधारीवर दिला. पुढे फ्लामर्सफेल्डला बदली झाली. तिथे सावकार गाय विकत देत आणि शेतकऱ्याला गोठ्यासकट बुडवत. १८४९ मध्ये त्याने मदत मंडळ काढून जनावरांसाठी हप्त्याने कर्ज सुरू केले. १८६४ साली हेड्डेसडॉर्फला पतसंस्था निघाली. इथे धर्मादाय नव्हता. कर्ज घेणारे स्वतःच सभासद आणि एकमेकांना जामीन. (आपल्याकडे हे जामीन राहणे किती जड जाते, ते सभासदांना विचारा!) दृष्टी जवळजवळ गेली, नोकरी सुटली, तरी लेकीच्या हातून पत्रे लिहवून घेत त्याने काम चालूच ठेवले.

मद्रास इलाख्यातले इंग्रज अधिकारी निकल्सन यांनी शेतीकर्जावरच्या आपल्या अहवालात राइफायझेनच्याच पद्धतीची शिफारस केली आणि १९०४चा सहकारी पतसंस्था कायदा आला.

येत्या सर्वसाधारण सभेत सातव्या तसबिरीचा ठराव मी मांडणार आहे. इतर गावांनीही मांडावा.

– एक सभासद शेतकरी, जि. अहिल्यानगर