ऊसतोडीच्या फडावर आलेल्या ताईंचे आभार

दिवाळीनंतर आम्ही बीडहून कारखान्यावर गेलो तेव्हा लेक तीन महिन्यांची होती. साडेतीन महिन्यांचा लसीचा डोस राहणार हे कळत होतं, पण उचल म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे घेतलेले, थांबणार कोण?

एका दुपारी दोन ताई बर्फाच्या पिशव्यांचा निळा डबा खांद्याला लावून आमच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर आल्या. एक नर्सताई, एक आशाताई. नावं विचारायचं राहिलंच. आमचं कार्ड दुसऱ्या तालुक्याचं, तरी त्यांनी तारखा नीट वाचल्या. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ-ब आणि हिब (मेंदूज्वर, न्यूमोनिया करणारा जंतू) या पाचांची लस मांडीत टोचली, पोलिओचे आणि जुलाबावरच्या रोटा लसीचे थेंब पाजले. ताप आला तर काय करायचं ते सांगितलं आणि अर्धा तास तिथंच उसाच्या पाचटावर बसून राहिल्या. तेवढ्यात माझ्या गरोदर जावेलाही धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. ती नको म्हणत होती, तिला कुणी रागावलं नाही.

जाताना आशाताई म्हणाल्या, "कार्ड पत्र्याच्या पेटीत ठेव गं, लेक नऊ महिन्यांची झाली की गोवराचं आहे."

ठेवलं, ताई. गोवर-रुबेलाची लस गावी परतल्यावर वेळेत दिली. तुम्हा दोघींचे मनापासून आभार.