सुरुवात वाघिणीपासून करा

मा. संपादक,

मोठ्या मापाची मॉडेल रेल्वे करू पाहणाऱ्यांनी इंजिनाच्या मागे न लागता दोन आसांची उघडी वाघीण (मालडबा) आधी बनवावी. ४५ मिमी अंतराच्या रुळांवर मीटरगेजची गाडी १:२२.५ या प्रमाणात बसते. एका आसावरच्या दोन चाकांच्या पाठींमधले (आतल्या बाजूंमधले) अंतर सुमारे ४० मिमी हवे. ते चाक फिरवत कॅलिपरने तीन ठिकाणी मोजा. आकडा बदलला, तर चाक आसावर तिरके बसले आहे. अशी वाघीण रूळ बदलताना घसरणारच.

सांगाडा जाड, सपाट काचेवर जोडा, म्हणजे तो पिळणार नाही. तरीही दोन्ही आस घट्ट बसवले, की जराशा उंचसखल रुळावर एक चाक अधांतरी राहते. म्हणून एक आस पक्का ठेवून दुसरा मधल्या खिळीवर किंचित डुलता ठेवावा. हे काम नवखे हमखास टाळतात आणि मग रुळांना दोष देतात!

भिंतींसाठी २ मिमी प्लास्टिक पुरे. दोन थर चिकटवायचे, तर आतल्या थराला आधी बारीक छिद्रे पाडा. चिकटवायचा द्रावक आत कोंडला, की भिंत हळूहळू कमान धरते. वजन तळाशी, आसांच्या मध्ये ठेवा. चाकाच्या धावेवर (रुळाला टेकणाऱ्या भागावर) मात्र रंग लागू देऊ नका.

– एक वाचक