माझ्यासोबत उभ्या राहिलेल्या फिजिओताईंना

ताई,

नाव लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून नुसतं ताई.

तुमच्याकडे आले तेव्हा कंबरदुखीला पावणेदोन वर्षं झाली होती. पतपेढीतली नोकरी, दिवसभर खुर्ची. मार्चअखेरीला तर रात्रीचे नऊ. आधी ज्यांना दाखवलं त्यांनी एमआरआय उजेडात धरला, "यात काही नाही" म्हणाले आणि फाईल सरकवली. एकांनी तर माझ्याकडे न बघता ह्यांनाच सांगितलं, "यांना जरा फिरवून आणा." ह्यांनी लगेच महाबळेश्वरची बस बुक केली. म्हणजे पुन्हा बसणंच!

तुम्हीही "बसा" म्हणालात. मी म्हटलं, बसवत नाही हो, उभी राहिले तर चालेल? तुम्ही काही न बोलता खुर्ची मागे ढकललीत, फॉर्म भिंतीला टेकवलात आणि पाऊण तास उभ्यानेच लिहीत राहिलात. भिंतीवर बॉलपेन रुसतंच. दर दोन ओळींनी झटकत होतात. त्या पेनाकडे बघता बघता मला रडू फुटलं. शिकलेली माणसं खूप भेटली, ताई. समोरच्यासाठी आपली खुर्ची सोडणारं त्यात कुणी नव्हतं.

तीन महिन्यांच्या वर टिकलेल्या दुखण्यात नसाच हळव्या होऊन बसतात, फोटोत काही दिसलं नाही तरी दुखतं ते खरंच, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा अर्धं ओझं तिथेच उतरलं. पडलेल्या पोराचा गुडघा आई चोळते त्यामागेही शास्त्र आहे, चोळण्याचा स्पर्श दुखण्याचा निरोप मेंदूकडे जाताना वाटेतच अडवतो, १९६५ साली मेलझॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी ते मांडलं, म्हणालात. आता शेकाची पिशवी पंच्यात गुंडाळताना मला ती दोन नावं आठवतात, काय सांगू! रात्री चार आकडे श्वास आत, सहा बाहेर. आणि सगळ्यात अवघड म्हणजे दुखायच्या आधी उठायचं. बरं वाटलं की मी माळे काढायची आणि मग चार दिवस अंथरुणात. आता दर वीस मिनिटांनी मोबाइलचा गजर होतो. शेजारच्या काउंटरवरचे दादा वैतागतात. वैतागू देत.

दुखणं गेलेलं नाही. पण परवा भावाच्या घरी पंगतीत ताक-भातापर्यंत बसले.

मंगळवारी येतेय. तुमच्यासाठी पेन्सिल आणते, ती भिंतीवर चालते.

तुमची,
कंबरवाली