मुंबई-न्यूयॉर्क १४ तास, मग सांगलीपासून किती?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पोरगं अमेरिकेत आणि आई-वडील पहिल्यांदाच निघालेत, अशी बरीच घरं आता सांगलीत आहेत. निघायचं ठरलं की सगळे आधी मोबाईलवर अंतर बघतात, मुंबई ते न्यूयॉर्क साडेबारा हजार किलोमीटर, विमानाचा स्पीड ताशी ९००, भागाकार केला की १४ तास, झालं, पाव्हण्या-रावळ्यांना तेच सांगून मोकळे. पेपरात सहलीच्या पानावर पण असेच आकडे येतात, म्हणून लिहितोय.

ते साडेबारा हजार म्हणजे गोलावरचं सगळ्यात जवळचं अंतर. घरात पोरांचा ग्लोब असेल तर दोन्ही शहरांवर दोरा ताणून धरा, तो नकाशात वाटतो तसा सरळ पश्चिमेला न जाता वर चढतो, पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया करत थेट आइसलंडवरनं खाली उतरतो. आता एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, म्हणजे आपल्या कंपनीचं विमान असलं तर सुरुवातीलाच वळसा. त्यात वर १०-११ किलोमीटरवर पश्चिमेकडनं पूर्वेला जोराचा वारा असतो, जाताना बहुतेक तो अंगावर येतो आणि येताना मागनं ढकलतो, त्यामुळं जायला आणि यायला सारखा वेळ लागतच नाही. थेट विमानाला जाताना साधारण १६ तास धरा.

तिकिटावरच्या वेळा हा आणखी एक घोळ! रात्री २ ला सुटणार, सकाळी ८ ला पोचणार, बघणाऱ्याला वाटतं सहाच तास. अहो त्या दोन्ही वेळा तिथल्या तिथल्या असतात, न्यूयॉर्क आपल्या मागं, उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि थंडीत साडेदहा, म्हणजे उन्हाळ्यात ते सहा अधिक साडेनऊ, साडेपंधरा तास झाले.

आणि खरा प्रवास तर आमच्या सांगलीतल्या विश्रामबागेतनंच सुरू होतो की. मुंबई विमानतळापर्यंत गाडीनं सात-आठ तास, हायवेला कुठं काम चालू असलं की संपलंच, आणि तिथं तीन तास आधी हजर. रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस पकडली तर सकाळी मुंबईत, मग विमान रात्रीचं असलं की दिवसभर कुणाच्या तरी घरी बसा. (सांगलीजवळच्या कवलापूरच्या रखडलेल्या विमानतळाबद्दल मी काही बोलत नाही.) उतरल्यावर इमिग्रेशनची लाईन, बॅगा. घरातनं घरात २८-३० तास होतात आणि दुबईला किंवा दोहाला विमान बदलायचं असेल तर त्याहून जास्त.

तेव्हा पेपरात असे आकडे छापताना सांगली-साताऱ्याच्या घरापासूनचा वेळ पण द्या. बीपी-शुगरवाली माणसं गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांना विचारून घेतात, ते सुद्धा त्या १४ तासांच्या हिशोबानंच.

आपला,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली