सरडा दिसला, त्याची जागा दिसली नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत जगभरातल्या सरड्यांवर आलेलं छायाचित्रांचं पान पाहिलं. फोटो देखणे आहेत, त्याबद्दल वाद नाही. कोमोडो ड्रॅगनची दुभंगलेली जीभ, शॅमेलिऑनचा गरगर फिरणारा डोळा, थॉर्नी डेव्हिलच्या अंगावरचा काटा न् काटा. तक्रार एवढीच, की एकाही फोटोत प्राण्यामागची जमीन दिसत नाही. मागे नुसतं धूसर हिरवं, नाहीतर धूसर पिवळं. मजकुरातही 'जंगलात आढळतो', 'वाळवंटात आढळतो' यावर भागवलं आहे. हत्तीबद्दल एवढं लिहून एक वेळ चालेल. सरड्याचा मुक्काम मात्र बोटं आणि विती लावून मोजावा लागतो, त्यामुळे 'वाळवंट' म्हटल्याने हाती काहीच लागत नाही.

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या पिग्मी ब्लूटंग या सापसुरळीचंच घ्या. कित्येक वर्षं ती कुणाला दिसली नव्हती आणि नामशेष झाली असंच धरलं गेलं होतं. १९९२ मध्ये 'बरा' नावाच्या गावाजवळ रस्त्यावर मेलेल्या एका सापाच्या पोटात ती सापडली. मग आजूबाजूच्या गवताळ रानात शोधाशोध झाली, तेव्हा कळलं की ती तिथेच होती, फक्त जमिनीखाली. ही सापसुरळी स्वतः बीळ खणत नाही. कोळ्यांनी खणलेल्या, बोटभर रुंदीच्या सरळसोट उभ्या बिळात ती राहते. दिवसा तोंडाशी येऊन डोकं तेवढं बाहेर काढते, ऊन खाते, आणि जवळून एखादा नाकतोडा गेला की झडप घालून परत आत. आता या जमिनीवर एकदा नांगर फिरला तर काय होईल? वरचं गवत कदाचित दोन पावसाळ्यांत परत येईल. बिळं मोडतात, ती खणणारे कोळी जातात, आणि त्यांच्यामागे सापसुरळी. म्हणून ती आज उरली आहे ती मुख्यतः कधीच नांगर न लागलेल्या तुकड्यांवर. त्यातल्या बऱ्याच तुकड्यांवर मेंढ्या चरतात आणि माफक चराई तिला चालतेही. संशोधकांनी भोक पाडलेल्या लाकडी नळ्या जमिनीत ठोकून पाहिल्या, तर त्या आयत्या बिळांतही ती जाऊन बसली. अशा प्राण्याचा नुसता चेहरा छापून वाचकाला काय कळणार? बीळ दाखवायला हवं होतं.

दुसरं, तापमानाचं. सरड्याला ऊन आवडतं हे अर्धंच खरं आहे. त्याला ऊन आणि सावली दोन्ही लागतात, तीही एका धावेच्या टप्प्यात. आफ्रिकेतल्या नामिब वाळवंटाच्या वाळूत राहणारा एक सरडा दुपारी वाळू तापली की पुढचा एक आणि मागचा विरुद्ध बाजूचा एक असे दोन पाय उचलून धरतो, मग बाकीचे दोन. तेही असह्य झालं की सरळ वाळूत बुडी मारतो, कारण थोडं खाली गेलं की वाळू बरीच गार असते. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणून आपण त्याची टिंगल करतो, पण ही धाव अगदी हिशेबी असते.

हा हिशेब चुकला की काय होतं ते मेक्सिकोत दिसलं. १९७५ नंतर जिथे स्केलोपोरस गटातल्या सरड्यांच्या नोंदी झाल्या होत्या अशा २०० ठिकाणी संशोधक पुन्हा गेले. १२ टक्के ठिकाणांहून ते नाहीसे झाले होते. हा अभ्यास २०१० मध्ये 'सायन्स' या विज्ञानपत्रिकेत आला. कुऱ्हाड लागली म्हणून ते गेले असं म्हणावं, तर त्यातल्या बऱ्याच जागा शाबूत होत्या, संरक्षितही होत्या. वसंतातली दुपार तापायला लागली, सरड्यांना जास्त तास सावलीत दडून राहावं लागलं आणि नेमक्या विणीच्या दिवसांत माद्यांना पोटभर खायला वेळ उरला नाही. बाहेरून पाहणाऱ्याला सगळं जागच्या जागी दिसतं, सरडा तेवढा नाही.

वाळवंटी सरडे उघड्यावर असतात म्हणून त्यांना धोका जास्त, असं आपल्या लेखात सुचवलं आहे. ते मला पटत नाही. २०२२ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत सरपटणाऱ्या प्राण्यांची जागतिक पाहणी प्रसिद्ध झाली. दहा हजारांहून जास्त जातींपैकी २१ टक्के धोक्यात निघाल्या. त्यात साप, कासवं, मगरीही आल्या. जंगलात राहणाऱ्या जातींत हे प्रमाण ३० टक्के आहे, कोरड्या प्रदेशांत १४ टक्के. मुख्य कारण उघड आहे: शेती आणि तोड. दुसरं जरा आडवळणाचं. उष्ण प्रदेशातल्या दाट रानातले बरेच सरडे ऊन शोधत हिंडत नाहीत, सावलीतली हवा जशी असेल तसं त्यांचं अंग. चार मोठी झाडं गेली आणि जमिनीवर ऊन उतरलं की ते त्यांना सोसत नाही आणि मोकळ्यावरचे सरडे आत शिरतात. उलट, मोकळ्या गवताळ जमिनीवर हौसेने झाडं लावली तर तिथल्या ऊन खाणाऱ्या जातींची पंचाईत. हिरवं दिसलं की भलं झालं, हे सरड्यांच्या बाबतीत खरं नाही.

पॅसिफिक महासागरातल्या गालापागोस बेटांवरचा समुद्री इग्वाना फोटोत दगडावर पसरलेला दिसतो आणि खाली 'आळसावलेला' असं लिहिलं आहे. काय म्हणावं! तो थंड पाण्यातलं शेवाळ खाऊन आलेला असतो. खोल बुडी मारतात ते बहुतेक मोठे नर, बाकीचे ओहोटीत उघड्या पडलेल्या खडकांवर चरतात. अंगातली ऊब परत आल्याशिवाय खाल्लेलं पचत नाही, म्हणून काळ्या लाव्हावर ते चिकटून पडतात आणि मधूनच नाकातून जादा मीठ फुर्र करून उडवतात. एल निन्योत शेवाळ कमी झालं की यांचं शरीर लांबीलाही आखडतं, क्वचित २० टक्क्यांपर्यंत. २००१ मध्ये 'जेसिका' नावाचं तेलवाहू जहाज तिथे फुटलं. सांता फे बेटाच्या किनाऱ्याला तेल थोडंच लागलं, तरी पुढच्या वर्षभरात तिथले ६२ टक्के इग्वाना मेले. शेवाळ पचवणारे पोटातले जिवाणू तेलाने मेले असावेत, असा संशोधकांचा कयास आहे. म्हणजे यांची जागा बेट नव्हेच; भरती-ओहोटीमधला खडकाचा पट्टा, त्यावरचं शेवाळ आणि पाठीमागचा तापलेला दगड, एवढीच.

आणि जागा म्हणजे केवळ जमीनही नाही. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरचा २०१८ मधला अभ्यास मला यासाठी फार महत्त्वाचा वाटतो. पवनचक्क्या उभ्या राहिल्या तिथे शिकारी पक्ष्यांचा वावर जवळपास चौपटीने कमी झाला. त्या भागात गळ्याला रंगीत पंखा असणारे सरडे वाढले, पण त्यांचे रंग फिके, अंग बारीक, आणि माणूस अगदी जवळ आला तरी ते पळेनात. वरच्या आकाशात फरक पडला, तो खालच्या दगडावर उमटला. सरडे वाढले यात आनंद मानायचा की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

इंडोनेशियातल्या बेटांवरच्या कोमोडो ड्रॅगनबद्दल सगळे लिहितातच, म्हणून एकच गोष्ट. त्याची पिल्लं मोठ्यांच्या तोंडी जाऊ नयेत म्हणून पहिली काही वर्षं झाडांवर काढतात. म्हणजे एकाच प्राण्याला आधी झाड हवं आणि नंतर माळ. २०२१ मध्ये त्याला 'धोक्यात' या वर्गात टाकलं, त्यामागे चढत्या समुद्राची भीती आहे. पुढच्या ४५ वर्षांत त्याची किमान ३० टक्के योग्य जागा जाईल असा अंदाज आहे.

तेव्हा विनंती अशी, की यापुढे अशा पानावर किमान एक फोटो दुरून काढलेला असू द्या. सरडा त्यात शोधावा लागला तरी हरकत नाही. खाली तो कुठे दडतो, अंडी कुठे घालतो की पिल्लंच देतो, आणि त्या जमिनीचं सध्या काय चाललं आहे, एवढं चार ओळींत द्या.

मात्र गाव, टेकडी, गुहेचं नाव देऊ नका. दक्षिण चीनमधल्या गोनियुरोसॉरस लुई या पालीचं वर्णन १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि तो पत्ता वाचून पाळीव प्राण्यांचे व्यापारी तिथे पोहोचले. काही वर्षांत मूळ ठिकाणी ती पाल उरली नाही. पुढे त्या गटातल्या नव्या जातींची नेमकी ठिकाणं संशोधकांनी छापायचीच टाळली. आपल्याकडे वाचक मोबाइलवरून फोटो पाठवतात, त्यांत जीपीएसची नोंद असते. संकेतस्थळावर टाकण्याआधी ती पुसली जाते का, हे एकदा आपल्या छायाचित्र विभागाला विचारावं.

कळावे,
आपली एक नियमित वाचक